शनिवारचं निळं पाणी

— ऑर्व्हिल जेकब झ्विकी. वय एकोणऐंशी, पूर्ण. घेतलंत लिहून? मागचे साहेब तेवढंही विचारायला विसरले होते. बसा बाई — बादलीवर नव्हे, बाकावर. कॉफी काळीच मिळेल. तर शेणाच्या टाकीतला वायू का आटला हे शोधायला आता टाकीवाल्या कंपनीनं तुम्हाला धाडलं — तिसरा तज्ज्ञ! पहिल्यानं चाऱ्याला दोष दिला, दुसऱ्यानं थंडीला — थंडीला, अहो! जणू विस्कॉन्सिनात जानेवारी यंदाच प्रथम उगवला. तुम्ही कुणाला देणार? गायींना? द्या. त्या उलट बोलत नाहीत, हीच तर तुम्हा शिकलेल्यांची सोय.

मी शाळेत गेलो तो आठवीपर्यंत. पुढचं सगळं स्वतः वाचलं — गावच्या ग्रंथालयातलं रसायनशास्त्राचं कपाट मी तळापासून उपसलं आहे — तेव्हा शेणापासून वायू कसा होतो ते मला शिकवू नका. बंद टाकी, आत ऊब, हवेला मज्जाव, आणि असंख्य जिवंत जंतू. ते शेण खातात, वायू सोडतात, वायूवर इंजिन चालतं, इंजिनावर वीज. चोथा वाळवून गायींखाली अंथरायचा, पातळ ते मक्याला खत. यात तुमच्या कंपनीचा शोध कोणता? माझा विरोध शेणाला कधीच नव्हता, शेणाच्या गप्पांना होता — गोठ्यात होतं तोवर शेण, आणि गुळगुळीत कागदावर छापलं की 'हरित ऊर्जा'!

पण मार्लिस — माझी मुलगी, गोठा आता तिचाच — ती ऐकते थोडीच? म्हणाली, "डॅड, नुसत्या दुधावर निभत नाही आता. टाकी चालली तरच गायी राहतील." बरं. चालली. दोन वर्षं उत्तम चालली — हे मी तिला बोललेलो नाही, तुम्हीही बोलू नका. या हिवाळ्यापासून मात्र वायू उतरतो आहे, दर सोमवारी आणखी थोडा. तो पलीकडचा रॉजर एल्मर — स्वतःच्या गायी विकून बसला आहे, दुसरा उद्योग काय? — चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत म्हणतो, "काय ऑर्व्हिल, तुझी टाकी रविवार पाळते म्हणे! पाद्रीच कर तिला!" लोक हसले. मार्लिस हसली नाही. वसंतापर्यंत टाकी सुधारली नाही तर लिलाववाला येणार आहे — तिनं मला सांगितलेलं नाही, फोनवर बोलताना कानावर आलं — आणि मग मी गोठ्यात जाऊन एकेकीच्या मानेवर हात — ते असो. ते लिहू नका.

काय म्हणालात? गोठ्याची स्वच्छता? बाई, शब्द तोलून वापरा! आमच्याकडे आजोबांपासूनची रीत आहे: शनिवारी संध्याकाळी गोठा असा धुवायचा की रविवारी पाद्रीबुवांनी आत पंगत मांडावी. ते काम अजून माझं. दुसऱ्या कुणाला झाडू धरू देत नाही. खुरं बुडवायचे ते हौद — दारापाशी, गायी त्यातूनच चालत जातात — शनिवारी रिकामे, घासलेले, लख्ख. यंदा खुरं कुजण्याचा रोग माजला, तेव्हा हौदातलं मोरचूद दुप्पट केलं ते मी. हे बूट पाहा, निळेशार. मार्लिस कुरकुरली, "जास्त होतंय, डॅड." म्हटलं, चार अक्षरं वाच आधी! मोरचुदाच्या पाण्यात एक जंतू जिवंत राहत नाही, एकही —

कुठं ओततो म्हणजे? नालीत! आजोबांपासून नालीतच — वाया काही घालवायचं नाही, सगळं खड्ड्यात — आणि खड्ड्यातून ते टाकीत —

खड्ड्यातून —

बुटांकडे काय बघता? कॉफी संपली ना? मग घ्या तुमच्या बाटलीत नालीचं पाणी, आणि निघा. नाही — मार्लिसला तुम्ही सांगायचं नाही. मी सांगेन. माझी मुलगी आहे. जा म्हटलं ना! आणि दार ओढून घ्या, थंडी आत येते आहे.

त्या आठवड्यापासून निळं पाणी वेगळ्या पिंपात जातं. टाकी अर्धी उपसून नव्यानं भरली, एप्रिलअखेर वायू पूर्ववत झाला. गायी आहेत. शनिवारी गोठा मार्लिस धुते.