उन्हात बघायचा फोटो

चहा निवतोय तोवर माझ्या मायची गोष्ट सांगतो. माझा धाकटा भाऊ नोकरीला परदेशी गेला, तो तीन वर्षं आलाच नाही. त्यानं फोटो पाठवला, तोही कागदावरचा नाही, काडेपेटीएवढ्या चौकटीतली, आरपार दिसणारी स्लाइड. ती भिंतीवर दाखवायचं मशीन आमच्या बोरी गावात कुठलं? माय रोज सकाळी स्लाइड उन्हाकडं धरायची अन् एक डोळा मिटून लेकाला बघायची.

पुढं शाळेत मशीन आलं. मास्तरांनी भावाला भिंतभर दाखवलं. मी म्हणालो, "बघ माय, आता नीट दिसायलाय."

माय बराच वेळ बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला.

"मास्तर, लय मोठा केला तुमी त्याला. मुठीत मावतंय तेवढं माझं लेकरू परत द्या."