चाळीस दिवसांची झोप

लस टोचायच्या रांगेत शिवणकाम करणारी बाळंतीण लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. आपलं दूध पुरत नाही, म्हणूनच पोर झोपत नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. मागच्या बाकावरचा तरुण बाप नर्सबाईंशी बोलत होता.

"सिस्टर, हा सलग झोपतच नाही. दोन तास झाले की उठलाच."

"किती दिवसांचा?"

"चाळीस."

"मग उठणारच. पोट केवढंसं त्याचं."

"म्हणजे आजारी नाही?"

"वजन वाढतंय?"

"हो, चांगलं वाढतंय."

"लंगोट?"

"धुऊन धुऊन माझे हात सोलपटलेत."

"मग दूध पुरतंय. दिवस-रात्र त्याला अजून कळत नाही. तीन-चार महिन्यांत हळूहळू घडी बसेल."

"बायको म्हणते, तिचंच काहीतरी चुकतंय."

"काही चुकत नाही म्हणावं. त्याला उताणं निजवा, आणि तो झोपला की तिलाही झोपू द्या."

"घरातली कामं?"

"तुम्ही आहात की."

बाळंतिणीने लेकीचं कार्ड उघडलं. वजनाची रेघ दर खेपेला वर चढली होती. तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, दुकानात पोचलात? दुधाच्या पावडरीचा डबा नका घेऊ. काही झालं नाही हो, रडत नाहीये मी. सरळ घरी या, मला जरा झोपायचंय."