उजवा दंड कुणाचा?

नर्सिंगच्या तोंडी परीक्षेला लेकीसोबत आलेल्या बाई बाहेर बाकावर नामस्मरण करत होत्या. पण शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं कानांत शिरलं आणि नाम ओठांवरच थबकलं.

"आई, यकृत उजवीकडे असतं हे तोंडपाठ आहे हो. पण चित्र समोर आलं की बोट माझ्याच उजव्या हाताला जातं. गेल्या वेळी तिथंच नापास झाले."

"आज चुकलीस तर?"

"तर कोर्स सुटला. पुन्हा संधी नाही."

"मग ये परत शिलाई मशीनवर. बारा वर्षं बसलीसच की माझ्या शेजारी."

"आई, थट्टा नको ना!"

"बरं, सांग. गिऱ्हाईक मापाला समोर उभं राहिलं. तू उजव्या दंडाला टेप लावतेस. उजवा कुणाचा?"

"तिचा."

"तुझा का नाही?"

"अहो, ब्लाउज तिला घालायचाय!"

"मग चित्रातलं पोट काय तुझं आहे?"

"...अगंबाई!"

तेवढ्यात शिपायानं सुनेला आत बोलावलं. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"या चित्रात यकृत दाखवा."

"हे इथं, सर. माझ्या डावीकडे दिसतंय, पण आहे यांच्या उजवीकडे."

"बरोबर. आता जठर?"

बाहेर सासूनं पदरानं डोळे टिपले.

"घ्या! आता माझं दुसरं मशीन कोण चालवणार?"