सेल्वीच्या दोन बादल्या

हसू नका, पण माझ्या नोकरीतली एकुलती एक यशोगाथा अशी गेली. कालव्याकाठच्या झोपड्यांतली माणसं तंजावूरबाहेरच्या सरकारी इमारतींत राहायला आली, आणि त्यांना ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. महिनाभर मी जिने चढले. ऐकलं फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या सेल्वीनं. हिरव्या बादलीत ओला, निळ्या बादलीत सुका, कधी चूक म्हणून नाही.

साहेब पाहणीला आले, तेव्हा मी त्यांना थेट तिच्याच दारात नेलं.

"कचरा वेगळा का ठेवता, अम्मा?" साहेबांनी विचारलं.

मला वाटलं, आता शिकवलेलं सगळं धडाधड म्हणून दाखवणार.

"खरं सांगू का, सार? खाली गाडीवाला दोन्ही बादल्या एकातच ओततो. रोज बघते मी. पण या अक्का गुडघे धरून एवढं चढून येतात. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

गाडीवाल्याशी बोलतो, असं पुटपुटत साहेब उतरून गेले. त्यालाही आता दोन महिने झाले.

त्या दिवशी साहेब गेल्यावर मी तिथंच पायरीवर बसले. सेल्वीनं पाणी आणून दिलं.

"इतके दिवस मला सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचं थांबवलं असतं, अक्का. इथं वर दुसरं कोण येतं?"

पाणी प्याले आणि म्हटलं, "रेशनकार्ड आण. त्यावर अजून कालव्याकाठचाच पत्ता असेल, निदान तो तरी बदलून घेऊ."