तिरका छेद

बाबा : दोन मिलिमीटर घासा, डॉक्टर, आणि सोडा. उगाच हट्ट नको.

लेक : बाबा, चार लागतील. तीन वर्षं हॉर्मोन्स घेतली, कागदोपत्री मुलगी झाले. पण आरशात आधी दिसतं ते भुवयांवरचं हे पुरुषी हाडच.

बाबा : मला नाही दिसत.

लेक : तुम्ही चष्मा काढून बघता माझ्याकडे.

डॉक्टर : काका, हा सीटी स्कॅन पाहा. या हाडामागे हवेची पोकळी आहे. पुढची भिंत तीन मिलिमीटर. घासून दोन काढता येतील, त्याहून जास्त नाही.

बाबा : झालं तर! तासाभराचं काम.

लेक : डॉक्टर, स्कॅनमधला हा छेद आडवा घेतलाय ना?

डॉक्टर : हो.

लेक : पण माझं कपाळ तिथे मागे उतरतंय. उतरती भिंत आडवी कापली की जाडी फुगून दिसते. हाडाला काटकोनात मोजता येईल?

बाबा : अगं, त्यांना शिकवतेस?

डॉक्टर : थांबा, काका.

(माऊसची टकटक.)

डॉक्टर : दोन पूर्णांक दोन दशांश. घासलं असतं तर नुसता पापुद्रा उरला असता. कुठे शिकलात हे?

लेक : तंत्रनिकेतनात, बाबांच्याच ड्रॉइंगच्या वर्गात. छेदचित्रांत नापास केलं होतं मला.

बाबा : दोन गुणांनी. तिरका छेद सरळ समजून मोजला होता हिनं.

डॉक्टर : मग आता घासणं बाद. हाडाचा तुकडा अलगद कापायचा, आकार द्यायचा आणि मागे सरकवून बसवायचा. चार मिळतील, पण ऑपरेशन मोठं. नाहीतर काहीच न करणं.

लेक : मला करायचंय. बाबा, मी गप्प बसले असते तर तुमच्या मनासारखं झालं असतं.

बाबा : आणि शिकवलेलं पाण्यात गेलं असतं. डॉक्टर, तीस वर्षांच्या नोकरीत तिरका छेद नुसत्या नजरेनं पकडणारे मला दोघंच भेटले. ही तिसरी. चार लिहा.

डॉक्टर : लिहिते. पाच तास लागतील. बाहेर कोण थांबेल?

बाबा : मी. ड्रॉइंगच्या पेपरला देखरेखीला तेवढा वेळ उभा राहिलोय मी. आणि ती तर परक्यांची मुलं होती.