अकरा वर्षं दुसऱ्या वर्गात

मोआनी: मावशी, शीर इतक्या जोरात नको ओढूस. पान फाटतंय बघ.

हिनानो: फाटू दे.

मोआनी: तूच म्हणतेस ना, झाडाकडून घेतलेलं वाया घालवायचं नाही?

हिनानो: मी पुष्कळ काही म्हणते. दे तो गठ्ठा इकडे. पानांचे सहा घागरे झाले, सातवा तुझा. कंबर दाखव.

मोआनी: माझा राहू दे. माझा मी करीन.

हिनानो: तू करणार? बरं, कमरेची वेणी घालताना पानं एकेरी घ्यायची की दुहेरी?

मोआनी: एकेरी?

हिनानो: झालं! नोव्हेंबरात पेलेदेवीच्या ज्वालामुखीच्या कड्यावर नाचायला उभी राहशील आणि पहिल्याच फेऱ्याला घागरा पायात. देवीसुद्धा हसेल. उभी राहा नीट.

मोआनी: मला वाटलं होतं, आज तिसऱ्या वर्गासाठी तुझं नाव येणार. शप्पथ. कुमूंनी सहावं नाव घेतलं तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते.

हिनानो: सगळा वर्गच बघत होता. मग सातवं नाव तुझं आलं, तर तू जागची हलेनास. शेवटी मला कोपर मारावं लागलं.

मोआनी: मला लाज वाटली गं.

हिनानो: कसली लाज? तीन वर्षांत तिसऱ्या वर्गात गेलीस. गोडधोड वाटायचं सोडून रडतेस काय?

मोआनी: मला शिकवलं कुणी? गुरू म्हणून कुमूंनी पाय दाखवले असतील. अंगात उतरवले तू. तुझ्या गॅरेजमध्ये, फ्रीज आणि तांदळाच्या पोत्यांच्या मधे. "अजून खाली बस, अजून खाली," करून माझ्या मांड्या भरून यायच्या.

हिनानो: बरं मग? भात मी रांधला, ताट तुझ्यापुढे आलं. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना रोज वाढते, मला काय त्याची सवय नाही होय?

मोआनी: असं नको बोलूस.

हिनानो: कसं बोलू? अकरा वर्षं, मोआनी. पहिल्या वर्षी कुमू म्हणाल्या, गुडघे वाकत नाहीत. वाकवले. मग म्हणाल्या, हात जड आहेत. हलके केले. मग नजर हाताबरोबर जात नाही. एका वर्षी मी हसते फार, तर दुसऱ्या वर्षी हसतच नाही. मधे एकदा काय, तर श्वास ऐकू येतो. अगं, जिवंत बाई आहे, श्वास घेणारच!

मोआनी: मावशी, तुला एक सांगू? पण तू आत जाऊन भांडणार नाहीस.

हिनानो: म्हणजे भांडण्यासारखं आहे.

मोआनी: मग राहू दे.

हिनानो: आता बोल. नाहीतर घागरा एकेरी पानांचाच करीन.

मोआनी: गेल्या आठवड्यात मी आत वाजवायचे तुंबे पुसून ठेवत होते. कुमू त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. तुझं नाव आलं म्हणून कान दिला. म्हणाल्या, "हिनानो कधीच तयार झालीय. पण ती वर गेली तर मागच्या ओळींनी बघायचं कुणाकडे? नव्या बायका मी तुंबा वाजवते तो ऐकतात, पण पाय तिचेच बघतात."

हिनानो: कधीच म्हणजे कधी?

मोआनी: काय?

हिनानो: "कधीच तयार झालीय" म्हणाल्या ना? म्हणजे कधी? या वर्षी? की पाच वर्षांपूर्वी?

मोआनी: ते मला काय माहीत! कुठे चाललीस? तू म्हणाली होतीस, भांडणार नाही!

हिनानो: मी असं काही म्हटलं नव्हतं. पानांवर ओलं फडकं टाक.

* * *

हिनानो: कुमू, दोन मिनिटं आहेत?

कुमू: घागरे झाले?

हिनानो: सहा झाले. सातव्याची वेणी चालू आहे.

कुमू: तुझ्यासारखी वेणी कुणाला जमत नाही. बस ना.

हिनानो: उभीच बरी. मला एवढंच सांगा, या वर्षी माझं काय चुकलं?

कुमू: हिनानो, असं विचारत नाहीत.

हिनानो: अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारतेय.

कुमू: आपल्याकडे वरचा वर्ग मागून मिळत नाही. बघायचं, ऐकायचं आणि थांबायचं. ज्या दिवशी नाव येईल त्या दिवशी उभं राहायचं. जी मागते ती अजून तयार नसते. मला माझ्या गुरूंनी असंच थांबवलं.

हिनानो: किती वर्षं?

कुमू: चार.

हिनानो: चार. बरं. मग या वर्षी माझं काय राहिलं? हात, नजर, की पुन्हा श्वास?

कुमू: तुझ्या नाचात अजून घाई आहे.

हिनानो: घाई! अकरा वर्षं एका जागी उभी आहे आणि माझ्यात घाई आहे?

कुमू: आवाज चढवू नकोस. मुली बाहेर आहेत.

हिनानो: मागच्या ओळींनी कुणाकडे बघायचं, म्हणून मला ठेवलंय ना इथे?

कुमू: हे तुला कुणी सांगितलं?

हिनानो: कुणी का सांगेना. खोटं असेल तर खोटं म्हणा. मी जाऊन वेणी पुरी करते. म्हणा ना, वाइओला.

कुमू: इथे मला कुमू म्हणायचं.

हिनानो: अकरा वर्षं कुमूच म्हटलं. एका गल्लीत वाढलो आपण, तुझ्या शेंबडाला माझी बाही लागायची, तरी या उंबऱ्याच्या आत आले की मान खाली आणि कुमू. कधी चुकले? आज मी वाइओलाला विचारतेय. खोटं आहे का?

कुमू: खोटं नाही.

हिनानो: किती वर्षं?

कुमू: असं मोजून सांगता येत नाही.

हिनानो: नावं वाचताना बरोबर मोजता येतात. सात म्हणजे सात.

कुमू: पाच. सहा असतील. अगं, ऐकून तर घे. दुसरा वर्ग तुझ्यावर उभा आहे. नवीन बाई येते, घाबरलेली असते, उजवा पाय की डावा कळत नाही, ती तुझ्याकडे बघते आणि टिकते. मी एकटी चाळीस जणींना कशी पुरणार? हे काम तिसऱ्या वर्गापेक्षा मोठं आहे.

हिनानो: मोठं आहे तर मग मला सांगायचं होतंस. मी हो म्हटलं असतं की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतंस. तू काय केलंस? दर वर्षी माझ्यात एक खोट काढलीस. मी घरी जाऊन आरशासमोर उभी राहायचे, वाइओला. हात बघायचे. माझ्या हातांना काय झालंय म्हणून रडायचे. त्यांना काहीच झालं नव्हतं!

कुमू: पुढच्या वर्षी तुझं नाव पहिलं घेते. सगळ्यांच्या आधी.

हिनानो: पुढच्या वर्षी गुडघा नाही.

कुमू: म्हणजे?

हिनानो: उजव्या गुडघ्यात काही उरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यात बदलून टाकू. नव्या गुडघ्याने चालता येईल, भात ढवळता येईल. पण कड्यावर अर्धा तास गुडघे वाकवून नाचायचं, ते नाही. या नोव्हेंबरला जमलं असतं. इंजेक्शन घेऊन, पट्टा बांधून. माझी आई जिथे नाचली तिथे एकदा पाय ठेवायचा होता. बस, तेवढंच.

कुमू: मला सांगितलं का नाहीस?

हिनानो: सांगितलं असतं तर या वर्षीचं कारण तेच झालं असतं. "हिनानोचा गुडघा." निदान ते खरं तरी असतं.

कुमू: नावं वाचून झालीत, हिनानो. सगळ्यांसमोर. आता बदलली तर उद्या प्रत्येक जण येऊन मागेल.

हिनानो: मी मागितलं का?

कुमू: आता मागतेयस ना.

हिनानो: नाही. मी विचारायला आले होते. मागायला आले असते तर अकरा वर्षांपूर्वी आले असते.

कुमू: तुला दुसऱ्या वर्गाची प्रमुख करते. उद्यापासून. गळ्यात माळ घालून, सगळ्यांसमोर.

हिनानो: म्हणजे त्याच ओळीत, माळ घालून.

कुमू: हिनानो...

हिनानो: येते, कुमू. पानं सुकतील.

* * *

(पुढचा मंगळवार, संध्याकाळचे सहा. हॉलच्या बंद दाराबाहेर दुसऱ्या वर्गाच्या पंधरा बायका रांगेत उभ्या. नेहमीच्या रिवाजाने त्यांनी आत घेण्यासाठी आळवणी म्हणायची आणि कुमूने आतून गाऊन उत्तर द्यायचं, तेव्हा दार उघडतं. आत कुमू आणि मोआनी.)

कुमू: सहा वाजून गेले. सुरू का करत नाहीत?

मोआनी: थांबल्यात.

कुमू: कशासाठी?

मोआनी: पहिला सूर मावशी लावते ना नेहमी.

कुमू: आलीय ती?

मोआनी: आलीय. आम्ही दोघी एकाच गाडीतून आलो. गाडी मी चालवली, तिला ब्रेक दाबता येत नाही.

कुमू: मग?

मोआनी: उभी आहे. ओठ मिटून.

कुमू: बाकीच्यांना म्हणता येत नाही? वर्ष वर्ष झालं एकेकीला!

मोआनी: मघाशी एकीने सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला अडखळली आणि मावशीकडे बघायला लागली. मग सगळ्याच बघायला लागल्या.

कुमू: आणि ती?

मोआनी: ती समोर बघतेय. दाराकडे.

कुमू: जा, तिला सांग, मी वाट बघतेय.

मोआनी: मी नाही सांगणार, कुमू.

कुमू: काय म्हणालीस?

मोआनी: चुकलं असेल माझं. पण मी नाही सांगणार. तुम्ही सांगा.

कुमू: उघड दार.

मोआनी: आळवणीच्या आधी?

कुमू: उघड म्हणते ना! ...हिनानो. सुरुवात कर. सगळ्या खोळंबल्यात तुझ्यामुळे.

हिनानो: त्यांना येतं सगळं. मीच शिकवलंय. म्हणतील हळूहळू.

कुमू: तू का म्हणत नाहीस?

हिनानो: आळवणी म्हणजे काय, कुमू? बाहेर थंडी आहे, आम्हाला आत घ्या, एवढंच मागणं ना? जी मागते ती अजून तयार नसते. तुम्हीच सांगितलंत.

कुमू: हे त्याच्यात नको मिसळूस. ही रीत आहे.

हिनानो: ती पण रीतच होती.

कुमू: सगळ्यांसमोर तमाशा करायचाय का तुला?

हिनानो: तमाशा करायचा असता तर बोलले असते. मी गप्प उभी आहे.

कुमू: बरं. आज राहू दे आळवणी. एक दिवस रीत मोडली तर माझ्या गुरू मला क्षमा करतील. तशीच ये आत.

हिनानो: येते. कुठल्या ओळीत?

कुमू: पाऊस येईल, चल आत.

हिनानो: पाऊस सुरू झाला, कुमू. या बायका भिजतायत. सांगा, कुठल्या ओळीत?

कुमू: आधी आत तर ये.

हिनानो: बरं. मोआनी, गाडीची किल्ली दे.

मोआनी: मावशी, मीही येते.

हिनानो: काही गरज नाही. तुझं नाव वाचलंय, तू इथेच राहायचं. आणि पाय बदलताना टाच उचलू नकोस, तुला सवय आहे.

मोआनी: तुला गाडी कशी चालवता येईल?

हिनानो: येईल. थांब, आधी मागचं दार उघड. तुझा घागरा सीटवर आहे, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. दुहेरी वेणी घातलीय. तेवढा काढून घे, मग किल्ली दे.