घनाची दुसरी गाडी

ऐका तर. आणि ते मोबाइलचे दिवे आधी विझवा, डोळ्यांवर येतात माझ्या. तुम्ही मुंबईची पोरं, तुम्हाला गिऱ्हा कुठून माहीत असणार! पाण्यातलं भूत ते. खाडीच्या तोंडाशी राहतं. माणसाला हात लावत नाही हो, नुसतं दाखवतं. ज्याला जे बघवत नाही, नेमकं तेच त्याला दाखवतं!

आपल्या वाडीतला लवू कोयंडे. पर्यटकांना वाळूत फिरवायची ती चारचाकी असते ना, एटीव्ही, ती किनाऱ्यावर पहिली आणली लवूने. दोन वर्षं राजा होता, राजा! मग त्याच्या चुलतभावाने, घनाने, नवी आणली. लालभडक. झालं! सगळं गिऱ्हाईक लाल गाडीकडे. लवूच्या पोटात दुखायला लागलं. त्यात त्याची बायको सुलभा एकदा सहज बोलून गेली, "घनाभावजींची गाडी बरी दिसता हां!" त्या रात्री लवू भरल्या ताटावरून उठला.

आता ऐका. किनाऱ्यावरची गाडी रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावी लागते, नाहीतर मीठ लोखंड खातं. घना बिचारा भोळा. म्हणाला, "लवू, तुझी धुतंस तशी माझी पण धुवन टाक रे." धुतली ना लवूने! स्वतःच्या गाडीला विहिरीचं पाणी, आणि घनाच्या गाडीला खाडीच्या बादल्या. पंधरा दिवस! वरून रंग चकचकीत, आत ब्रेकच्या वायरी कुजत चाललेल्या.

मग एके दिवशी घना म्हणाला, "माझ्याकडे पावणे इले हत. माझी गाडी तेवढी रात्रीच पलीकडच्या किनाऱ्यार नेवन ठेव. सकाळी चिमीक घेवन येतंय." चिमी म्हणजे त्याची सहा वर्षांची लेक.

नाही कसं म्हणणार? ब्रेक मऊ झालेत हे लवूला ठाऊक होतं. हळू जाऊ, म्हणाला. पण वरच्या रस्त्याने गेला नाही. का? तिथे लोकांनी त्याला घनाच्या गाडीवर बघितलं असतं, घनाचा गडी म्हणून! म्हणून धरली खाडीकडची खालची वाट. अंधार. काळं कुत्रं नाही वाटेवर.

थोडा पुढे गेला, तर लांब एक दिवा. लाल गाडीचा दिवा! अरे, लाल गाडी तर आपल्या बुडाखाली आहे. मग ही कोणाची? लवूने जरा वेग घेतला. बघतो तर काय, गाडीवर घना! तीच पाठ, तीच टोपी. आणि गाडी हिच्याहून मोठी, हिच्याहून नवी. लवूच्या अंगाचा तिळपापड झाला. "दुसरी पण घेतल्यान? आणि माका बोललो नाय?" घरात पाहुणे असलेला माणूस इथे कसा, हे डोक्यातच आलं नाही बघा! आग लागली की डोकं चालतं का?

दाबला अंगठ्याने हँडलवरचा ॲक्सिलेटर. हा जोरात, तर तो त्याहून जोरात. आता घनाच्या मागे कोणीतरी बसलेलं दिसलं. हिरवी साडी. सुलभा! लवूची बायको! खिदळत होती. मागे वळली आणि म्हणाली, "अहो, मागे का ऱ्हवलात? येवा ना!" बोलली, आणि तोंडातून पाणी. बदाबदा पाणी, थांबेचना!

लवूची बोबडी वळली. ब्रेक दाबला. ताड! वायर तुटली. दुसरा दाबला, तोही गेला. आणि पुढे उतार. उताराखाली भरतीची खाडी!

पण पोरांनो, ब्रेक गेला तरी अंगठा तर त्याचाच होता ना? तो उठेना! समोर घना पुढे जातोय, हे मरतानासुद्धा बघवेना. पाण्याचा वास नाकात आला. तेव्हा लवू रडत ओरडला, "जा घना! तूच जा फुडे! माका नको!"

तेव्हा कुठे अंगठा सुटला. त्याने हँडल वळवलं नि गाडी घुसली केवड्याच्या बनात. काट्यांनी सोलून निघाला, पण थांबला. पुढचा दिवा पाण्यात गेला आणि विझला. आवाज नाही, लाट नाही, काही नाही.

रक्ताळलेला लवू चालत वाडीत आला. घनाला उठवून सगळं सांगितलं, बादल्यांसकट. घनाने हात उगारला. मग खालीच बसला. म्हणाला, "सकाळी चिमी माझ्या पुढ्यात बसतली होती रे." लवूला मार परवडला असता. अजून तो चिमीच्या नजरेला नजर देत नाही.

तेव्हा खाडीकडच्या त्या वाटेने पाऊल टाकायचं नाही. मी म्हातारा हात जोडून सांगतो! आणि चुकून गेलातच, आणि पुढे आपल्याच भावाचा दिवा दिसला, तर जाऊ द्या त्याला पुढे. गिऱ्ह्याने लवूला फक्त दिवा दाखवला. ब्रेक काही गिऱ्ह्याने कुजवला नव्हता.